गरम पाणी घालू कुठं?

सांगलीकडच्या एका डेअरीत आमच्या एम.टेक.च्या मुलांना घेऊन गेले होते. छतावर सोलरचे कलेक्टर, म्हणजे उन्हावर पाणी तापवणाऱ्या पेट्या, किती बसतील, चिमणीची सावली कुठवर येते, पाइप कुठून खाली उतरवता येईल, हे सगळं मोजून झाल्यावर आम्ही बॉयलर आणि त्याला पाणी पुरवणाऱ्या फीड टँकपाशी आलो. मार्चचं ऊन, त्यात बॉयलरची धग. जळणाच्या ब्रिकेटचा भुसा नाकातोंडात जात होता आणि फॅनच्या घरघरीत एकमेकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. एका मुलानं उत्साहानं बॉयलर अटेंडंट मामांना सांगितलं, की मामा, तुमच्या फीड टँकला आम्ही उन्हावर तापलेलं पाणी देणार, तुमचं जळण वाचणार. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं. हातातल्या फडक्यानं गेज ग्लास पुसला. मग म्हणाले, "पाणी तुम्ही गरम करून द्याल हो. पण माझा पंप एवढं गरम पाणी घेत न्हाई. मग ते मी घालू कुठं?"

मुलं माझ्याकडे बघायला लागली.

त्या प्रश्नामागचं कारण तिथंच, दोन हातांवर होतं. फीड टँक जमिनीलगत ठेवलेला, पंप त्याच्याच पातळीवर, म्हणजे टँक उंचावर असता तर पंपाला मिळाला असता तो पाण्याचा दाब नाही. डेअरीतून वाफेचं पाणी होऊन जे परत येतं, ते कंडेन्सेट त्याच टँकमध्ये पडत होतं. टँकच्या पत्र्याला हात लावून पाहिला, लगेच मागे घ्यावा लागला. पाणी ऐंशीच्या पुढे होतं. इतकं तापलेलं पाणी पंपानं ओढलं की ओढीच्या बाजूला दाब उतरतो आणि पाणी तिथंच उकळू लागतं. बुडबुडे होतात, पुढे दाबाखाली फुटतात, आणि पंपात खडी फिरावी तसा आवाज येतो. तो आवाज चालू राहिला तर इंपेलरला, म्हणजे पंपातल्या फिरत्या चाकाला, खड्डे पडतात. त्याआधी बॉयलरला पाणी कमी पडण्याची भीती असते, आणि बॉयलरवर काम करणारा माणूस त्या भीतीशी कधी खेळत नाही. मामा काय करत होते, तर आवाज बदलला की शेजारचा गार पाण्याचा व्हॉल्व्ह थोडा उघडत होते. ज्या टँकला गरम करायचा आराखडा आम्ही वहीत काढून आणला होता, तोच टँक ते रोज थंड करत होते. इंधन वाचवायचं म्हणून फीडचं पाणी ६ अंशांनी तापवलं की साधारण एक टक्का जळण वाचतं, हा हिशेब आम्ही वर्गात शिकवतो. हिशेब बरोबरच आहे. फक्त त्या टँकवर तो लागू होत नव्हता.

मी 'सोलर थर्मल' हा विषय पदव्युत्तर वर्गाला बरीच वर्षं शिकवते आहे. विषयाचं पूर्ण नाव सौर औष्णिक प्रणाली आणि त्यांचं एकत्रीकरण. अभ्यासक्रमाची आखणी साधारण सगळीकडे असते तशीच आहे. आधी सूर्याची भूमिती: क्रांतिकोन, तासकोन, अमुक अक्षांशावर अमुक दिवशी किती ऊन पडेल. मग कलेक्टर, त्याचं समीकरण, त्याच्या चाचण्या. मग साठवण. मग आर्थिक बाजू. आणि सगळ्यात शेवटी, सबमिशनच्या धामधुमीत, उरलेल्या तासांत एकत्रीकरण, म्हणजे ही सगळी यंत्रणा चालत्या कारखान्याला, हॉस्टेलला किंवा हॉस्पिटलला जोडायची कशी. नावात जे आहे ते शेवटी येतं आणि घाईत उरकलं जातं. मामांच्या प्रश्नाचं उत्तर या शेवटच्या प्रकरणात असायला हवं. तिथं एक नीटनेटकी आकृती आहे: डावीकडे कलेक्टर, मधे टँक, उजवीकडे एक चौकोन आणि त्यात 'लोड', म्हणजे उष्णता मागणारी बाजू, असं लिहिलेलं. त्या चौकोनात मामा आहेत, त्यांचा पंप आहे, रात्रपाळी आहे, दूध किती वाजता येतं ते आहे. चौकोन मात्र रिकामा छापलेला असतो.

खरं तर कलेक्टर शिकवायला मला मनापासून आवडतं. त्यात एक सौंदर्य आहे. काच उजेडाला आत येऊ देते आणि आतल्या पत्र्याची उष्णता बाहेर जाताना अडवते, इथवर सगळ्यांना माहीत असतं. पण पत्र्यावरचा लेप ही खरी कमाल. साधा काळा रंग ऊन छान शोषतो, पण तापला की तितक्याच उदारपणे उष्णता परत फेकतो. १९५५ च्या सुमारास इस्रायलचे शास्त्रज्ञ झ्वी ताबोर यांनी असा लेप पुढे आणला, जो उन्हाला काळा आणि स्वतःच्या उष्णतेला मात्र चकचकीत धातू वाटावा. आलेल्या उन्हातलं नव्वद टक्क्यांहून जास्त शोषायचं आणि परत मात्र अगदी थोडं सोडायचं. हे शिकवताना आजही मुलांचे चेहरे बदलताना दिसतात. एक नमुना मी कपाटात ठेवला आहे, तळहाताएवढा पत्रा. खिडकीशी तिरका धरला की त्याच्यावर निळसर जांभळी झाक येते. मुलं तो हातोहात फिरवतात.

आता याच कलेक्टरच्या समीकरणात शेवटच्या प्रकरणाची किल्ली दडलेली आहे, आणि ती पहिल्याच महिन्यात हाती द्यायला हवी असं मला आता वाटतं. एक चांगला सपाट कलेक्टर घ्या. बाहेर ३० अंश, ऊन चौरस मीटरला ८०० वॅट. त्याला गार पाणी दिलं आणि आतलं सरासरी तापमान ४५ च्या आसपास राहिलं, तर पडलेल्या उन्हातलं जवळपास ६७ टक्के हाती लागतं. त्याच काचेखाली, त्याच उन्हात, सरासरी ८५ अंशांवर काम करायला लावलं तर ४४ टक्केच उरतं. यंत्र तेच, ऊन तेच. फरक इतकाच, की तुम्ही त्याला कारखान्यात कुठं जोडलंत. गार पाण्याशी जोडलंत तर ते भरभरून देतं, आधीच तापलेल्या पाण्याशी जोडलंत तर त्याची निम्मी मेहनत बाहेरच्या वाऱ्याला जाते. डेअरीच्या फीड टँकशी जोडलं असतं तर काय झालं असतं, हे मुलांनी त्या रात्री लॉजवर बसून काढलं. आकडा बघून कुणी फारसं बोललं नाही.

आमच्या साताऱ्याच्या वाड्यात मोरीशेजारी तांब्याचा बंब होता. पहाटे मोठी काकू तो पेटवायची. गोवरीचा तुकडा, वर चिरलेली ढलपी, एक काडी, आणि मधल्या नळकांड्यातून धूर वर चढायचा. त्या धुराचा वास केसांना, परकराला, शाळेच्या दप्तराला लागलेला असायचा. बंबाच्या माथ्याशी एक तोटी होती आणि दुसऱ्या बाजूला नरसाळं. गरम पाणी हवं असेल तर आधी नरसाळ्यात गार पाणी ओतायचं. ते आतल्या नळीनं थेट तळाशी जायचं आणि तेवढंच कढत पाणी वरच्या तोटीतून बादलीत पडायचं. गार ओतल्याशिवाय गरम मिळायचं नाही. त्यामुळे बंब कधी रिकामा राहायचा नाही आणि तळ कधी जळायचा नाही. आम्हा मुलांना घाई असायची, मग कुणीतरी भसकन तांब्या ओतायचा आणि काकू ओरडायची, "हळू ओत, ढवळू नकोस, नाहीतर सगळंच कोमट होईल." गार खाली, गरम वर, मधे त्यांची सरमिसळ होऊ द्यायची नाही: साठवणटाकीच्या प्रकरणात मी जे स्तरीकरण शिकवते ते काकू रोज सकाळी सांभाळत होती. पुढे कधीतरी बंब मोडीत गेला. गीझर आला, काकूचा खोकला कमी झाला. धुराचं मला कौतुक नाही. तो खोकला मी ऐकलेला आहे. पण बंबाच्या त्या नळीत विचार होता. पाणी कोण, कधी, किती घेणार आहे हे आधी ठरवून तो घडवला होता.

पुण्यातल्या गच्च्यांवर आज हा विचार बऱ्याचदा हरवलेला दिसतो. सोलर बसवा, मिळकतकरात सवलत घ्या, म्हणून बसवलेले कलेक्टर पुण्यात गल्लोगल्ली आहेत, आणि ते बसवले याचा मला आनंदच आहे. शंभर लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला साधारण ४ युनिट उष्णता लागते. दोन चौरस मीटरचा कलेक्टर पुण्याच्या बऱ्या उन्हात तेवढी सहज देतो. इतका सरळ, इतका निर्मळ हिशेब फार थोड्या यंत्रांचा असतो. पण मग सात मजल्यांच्या इमारतीत गच्चीवरून पहिल्या मजल्यापर्यंत एक इंची पाइप येतो. त्याच्या प्रत्येक मीटरमध्ये अर्धा लिटर पाणी मावतं. तीस मीटरचा पाइप म्हणजे पंधरा लिटर, एक बादली. सकाळी नळ सोडला की रात्रभर पाइपात गार झालेली ती बादली आधी बाहेर पडते, मोरीत वाहून जाते, आणि पहिल्या मजल्यावरच्या बाई म्हणतात, आमच्याकडे सोलर चालत नाही. सोलर उत्तम चालतं आहे. वर टाकीत सत्तर अंशांचं पाणी आहे. पाणी फिरतं ठेवणारी एक परतीची लाइन आणि छोटा पंप, एवढंच त्या इमारतीत कुणी घातलं नाही, कारण सोलर विकणाऱ्यानं गच्ची पाहिली आणि प्लंबरनं मोरी पाहिली. मधला जिना कुणाच्या कामात आला नाही.

हॉस्टेलांचं दुखणं आणखी वेगळं. सगळ्यात कडक ऊन एप्रिल-मेमध्ये, आणि तेव्हाच पोरं गावी गेलेली. पाणी घेणारं कुणी नाही, तापवणारा सूर्य मात्र रोज हजर. आतलं तापमान चढत जातं, सपाट कलेक्टर दीडशेच्या पलीकडे जाऊ शकतो, काचनळ्यांचा तर दोनशेच्याही पलीकडे. गॅस्केट कडक होतात, इन्सुलेशन काळवंडतं, पाणी वाफ होऊन वरच्या नळीनं फुसफुसत राहतं. मग जूनमध्ये मुलं परत येतात, आणि बाहेर ढग. उन्हाळ्यात ताडपत्री टाकून अर्धे कलेक्टर झाका, हे एका रेक्टरबाईंनी स्वतःच्या अनुभवावरून चालू केलं होतं. कुठल्या पुस्तकात त्यांनी ते वाचलं नव्हतं. मी ते आता वर्गात सांगते.

डेअरीकडे परत येते, कारण तिथं मला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं. मुलांची पहिली कल्पना अशी असते, की दूध पाश्चराइज करायचं, म्हणजे ७२ अंशांवर न्यायचं, मग ते सूर्यावर तापवू या. ऐकायला छान वाटतं. पण पाश्चरायझरच्या प्लेटांपाशी उभं राहिलं की कळतं, की दूध स्वतःच स्वतःला तापवत असतं. चार अंशांवर आलेलं गार दूध आणि ७२ वर तापून परत निघालेलं दूध एका पातळ पत्र्याच्या दोन बाजूंनी उलट दिशांना वाहतात. जाणारं येणाऱ्याला आपली उष्णता देऊन जातं. चांगल्या यंत्रात नव्वद टक्के काम असंच होतं. गार दूध वाफेची मदत न घेता पासष्टच्या आसपास पोचलेलं असतं, बॉयलरच्या वाट्याला शेवटचे सात-आठ अंश येतात. मग उष्णता जाते कुठं? ती जाते धुण्यात. पाळी संपली की सगळ्या नळ्यांमधून आणि टाक्यांमधून कॉस्टिकचं सत्तर-ऐंशी अंशांचं पाणी फिरवतात, मग ॲसिड, मग पुन्हा पाणी. क्रेट धुवायचे, कॅन धुवायचे, फरशी धुवायची. आणि हे सगळं दूध घेऊन झाल्यावर, म्हणजे बरंचसं संध्याकाळी आणि रात्री. सूर्य दुपारी देणार, डेअरी रात्री मागणार. मधल्या आठ तासांची जबाबदारी टाकीवर. शिवाय त्याच डेअरीच्या मागच्या अंगाला अमोनियाचे कॉम्प्रेसर दिवसरात्र धडधडत असतात आणि दूध गार करताना काढलेली उष्णता कूलिंग टॉवरमधून आकाशात सोडत असतात. त्यातली थोडी अडवली तरी क्रेट धुण्यापुरतं पाणी फुकट तापतं.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस बोडो लिनहॉफ या अभियंत्यांनी याचीच एक शिस्त बांधून दिली. आम्ही तिला पिंच ॲनालिसिस म्हणतो. कारखान्यात जे जे गार करायचं आहे त्याची एक रेषा, जे जे तापवायचं आहे त्याची दुसरी, आणि दोन्ही जिथं सगळ्यात जवळ येतात तो बिंदू. त्या बिंदूच्या खालच्या तापमानांना कारखान्याकडे उष्णता आधीच शिल्लक असते. तिथं बाहेरून आणखी उष्णता ओतली तर ती शेवटी कूलिंग टॉवरलाच जाते, मग ती कोळशाची असो की सूर्याची. सूर्याची उष्णता फुकट, म्हणून ती कुठंही चालेल, हे मुलांच्या मनातून काढायला मला सगळ्यात जास्त वेळ लागतो. ती गोळा करायला काच, तांबं, पोलाद, माणसांची मेहनत आणि कारखान्याची जागा लागते. चुकीच्या ठिकाणी जोडलेला कलेक्टर छतावर दिमाखात चमकतो, उद्घाटनाच्या फोटोत छान दिसतो, आणि बॉयलरच्या जळणात काडीचाही फरक पडत नाही.

नीट जोडलेली उदाहरणं आपल्याकडे आहेत, आणि ती मी अभिमानानं सांगते. लातूरच्या महानंद डेअरीत साधारण वीस वर्षांपूर्वी 'अरुण' ही तबकडी उभी राहिली. १६० चौरस मीटरच्या आसपास पसरलेले आरसे, सकाळपासून संध्याकाळपर्यंत सूर्याकडे तोंड करून वळत राहणारे. आयआयटी मुंबईतल्या प्रा. शिरीष केदारे यांच्या कामातून ती आली. मराठवाड्यातल्या मुलांना हे सांगितलं की त्यांच्या आवाजात फरक पडतो. पण मी त्यांना आरशांवर फार वेळ थांबू देत नाही. मला त्यात आवडते ती मधली टाकी. तबकडीनं पाणी दाबाखाली तापवायचं, ते चांगल्या गुंडाळलेल्या टाकीत राखायचं आणि दूध आलं की द्यायचं. आलेले ढग, उशिरा आलेला टँकर, दोन्हींची समजूत ती टाकी घालते. शिर्डीला २००९ मध्ये प्रसादालयाच्या छतावर ७३ शेफलर तबकड्या, म्हणजे ऊन एका जागी एकवटणारे वाटोळे आरसे, बसल्या. तिथं लोकांच्या लक्षात राहतात त्या तबकड्या आणि जेवणाऱ्यांची संख्या. माझ्या दृष्टीनं शहाणपणाचा भाग हा, की तिथलं स्वयंपाकघर आधीपासूनच वाफेवर चालत होतं आणि सूर्याची वाफ त्याच लाइनला जोडली गेली. आचाऱ्याला नवं काही शिकावं लागलं नाही. कढईखाली वाफ येते, ती आज कुणी पाठवली हे त्याला कळायची गरज नाही. ढग आले तर गॅसचा बॉयलर आहेच.

डेन्मार्कचं उदाहरण मुलांना फार भुरळ घालतं. एरो नावाच्या बेटावर मार्स्टाल हे छोटं गाव. ३३ हजार चौरस मीटरचे कलेक्टर आणि ७५ हजार घनमीटर पाण्याचा झाकलेला खड्डा, ज्यात उन्हाळ्याची उष्णता हिवाळ्यासाठी ठेवतात. एवढ्या उत्तरेला, एवढ्या कमी उन्हात! मग आपल्याकडे का नाही, असा प्रश्न दरवर्षी येतो. त्यावर मी त्यांना परतीचं पाणी बघायला लावते. त्या गावात घराघरांत उष्णता देऊन पाणी परत येतं ते चाळीस अंशांच्या आसपास, गार होऊन. म्हणून कलेक्टर खूश. गावाच्या भिंती, रेडिएटर, नळांचं जाळं या सगळ्यांनी मिळून ते पाणी गार केलेलं असतं. त्या गावानं आधी घरं जाळ्याला जोडली, सूर्य त्यावर नंतर आला.

या सगळ्यात एक खंत आहे, ती लपवून काय करू. वर्ग लहान होत चालला आहे. जगात वापरल्या जाणाऱ्या ऊर्जेपैकी जवळजवळ निम्मी उष्णता म्हणूनच लागते, तरी ऊर्जा म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे वीज येते. नोकऱ्या विजेच्या सोलरमध्ये आहेत, अनुदान तिथं आहे, २०२४ मध्ये छतावरच्या विजेच्या पॅनेलसाठी सूर्यघर योजना आली तेव्हापासून तर आमच्या भागातल्या सोसायट्या पाण्याचे सोलर काढून त्या जागी पॅनेल लावू लागल्या आहेत. भंगारवाल्याच्या टेम्पोत काचा नसलेले कलेक्टर एकावर एक रचलेले पाहिले की पोटात तुटतं. पण मी त्या सोसायट्यांना नावं ठेवू शकत नाही. पॅनेल पडलेल्या उन्हातलं वीस-बावीस टक्के घेतं, कलेक्टर साठ टक्के घेऊ शकतो, हे खरं. पण पॅनेलची वीज तारेतून हवी तिथं जाते, पंप चालवते, लिफ्ट चालवते, उरली तर मीटरमधून बाहेर जाते. तिला जोडायला सोपं आहे. उष्णतेला जोडायला डोकं लागतं, आणि ते डोकं घडवायचं काम ज्या वर्गात व्हायचं, तो वर्ग आम्ही कलेक्टरच्या समीकरणांवरच संपवत आलो.

माझ्या टेबलावर एक तांब्याची नळी असते, वीतभर लांबीची. सोलापूरकडच्या एका बंद पडलेल्या कलेक्टरमधून हॅकसॉनं कापून आणलेली. बोअरच्या पाण्याचे क्षार आत असे साचलेत, की पेन्सिलचं टोकही पलीकडे जात नाही. कापलेल्या तोंडाशी पांढरे थर स्पष्ट दिसतात, एकावर एक, मधे मधे पिवळट रेघ. नखानं खरवडलं तर भुकटी पडते आणि बोटाला खडूचा कोरडेपणा लागतो. ज्या घरातून ती आली तिथल्या आजोबांनी सांगितलं, आधी पाणी कढत यायचं, मग गरम, मग कोमट, मग आम्ही बघायचंच सोडलं. त्या पाण्यासाठी मधे एक हीट एक्स्चेंजर, म्हणजे पाणी न मिसळता उष्णता पलीकडे देणारं यंत्र, टाकून कलेक्टरचं पाणी वेगळं ठेवलं असतं तर ती नळी अजून चालली असती. बसवताना बोअरचं पाणी कुणी तपासलं नव्हतं. मुलं लेपाचा पत्रा जितक्या आवडीनं हाताळतात तितक्याच आवडीनं त्यांनी ही नळी हाताळावी, असं मला वाटतं. म्हणून आता दोन्ही एकाच तासाला दाखवते.

यंदा मी विषयाची मांडणी उलटी करते आहे. पहिला महिना कलेक्टर नाही. पहिला महिना बॉयलर, वाफ अडवून फक्त पाणी सोडणारे ट्रॅप, कंडेन्सेट, धुण्याचं वेळापत्रक, पाण्याची चाचणी. प्रत्येकानं एका ठिकाणी सलग चोवीस तास राहून दर तासाला तापमानं लिहायची, रात्रपाळीसकट. आणि ज्यांनी आयुष्य वाफेपाशी काढलं, त्यांना वर्गात बोलवायचं, मानधन देऊन. यात अडचण आली ती फॉर्मची. पाहुण्या व्याख्यात्याच्या फॉर्मवर पदव्युत्तर पदवीचा रकाना आहे. बॉयलर अटेंडंटकडे सरकारी परीक्षेचं सक्षमता प्रमाणपत्र असतं, ज्याच्याशिवाय त्याला बॉयलरला हात लावता येत नाही, पण त्याला रकाना नाही. अर्ज दोनदा परत आला. तिसऱ्यांदा मी सोबत ते प्रमाणपत्र आणि एक सविस्तर पत्र जोडलं आहे. कुलगुरूंपर्यंत जावं लागलं तर जाईन.

दरम्यान एका विद्यार्थिनीचा प्रबंध चालू आहे, इचलकरंजीतल्या एका सायझिंग युनिटवर. ताण्याच्या सुताला खळ देतात आणि वाफेनं तापलेल्या ड्रमांवरून फिरवून ते वाळवतात, ते काम. विषय ठरला तेव्हा तिनं छत मोजून कलेक्टरचं भरघोस क्षेत्रफळ काढलं होतं. मग ती तिथं चोवीस तास राहिली. पहाटे तिचा फोन आला, आवाज उतरलेला. "मॅम, ड्रमांचं सगळं कंडेन्सेट गटारात जातंय. ते नुसतं परत आणलं तरी फीडचं पाणी एवढं तापतं, की माझ्या कलेक्टरला काम उरत नाही. मग माझ्या प्रबंधात सोलर उरतंच किती?" मी तिला विचारलं, खळ शिजवायला वाफ थेट सोडतात ना? ती वाफ खळीतच राहते, परत येत नाही. तिच्या बदली रोज नवं गार पाणी बॉयलरला द्यावं लागतं. ते किती, ते मोज. आणि टँक पंपाच्या किती वर बसवता येईल, तेही मोज.

तिनं मोजलं. कंडेन्सेट आधी परत आणायचं, टँक उंचावर घ्यायचा, आणि सूर्य फक्त त्या नव्या गार पाण्याला जोडायचा, असा तिचा आताचा आराखडा आहे. कलेक्टरचं क्षेत्रफळ पहिल्यापेक्षा निम्म्याहून कमी झालं आणि प्रत्येक चौरस मीटरमागे मिळणारी उष्णता वाढली. युनिटच्या मालकांनी कंडेन्सेटची लाइन टाकायला प्रबंधाची वाटही पाहिली नाही. पुढच्या महिन्यात तिचं सादरीकरण आहे. सोलरच्या प्रबंधात सोलर इतकं थोडं का, हे बाहेरचे परीक्षक नक्की विचारतील. तिच्याकडे तासातासाच्या नोंदी आहेत, आणि त्या तिनं स्वतः, ड्रमांशेजारी उभं राहून घेतल्या आहेत.